चाटून परत करायचा पेला : लंडनचा ‘पेनी लिक’

‘पेनी लिक’ हा एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर आइस्क्रीम विकण्यासाठी वापरला जाणारा काचेचा छोटा पेला. गिऱ्हाईक एक पेनी देई, आइस्क्रीम उभ्या उभ्या चाटून संपवी आणि पेला परत करी. चमचा मिळत नसे.

आइस्क्रीम सामान्यांच्या आवाक्यात आले ते स्वस्त बर्फामुळे. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातून लंडनला आलेले व्यापारी कार्लो गाटी नॉर्वेहून जहाजांनी बर्फ आणवत. किंग्ज क्रॉसजवळ कालव्याकाठी खोल विहिरींत तो साठवला जाई; त्या जागी आता लंडन कॅनॉल म्युझियम आहे. क्लार्कनवेल भागात राहणारे गरीब इटालियन फेरीवाले हा बर्फ विकत घेत. बर्फात मीठ मिसळले की तापमान शून्याखाली उतरते. त्या मिश्रणात भांडे फिरवून ते दूध-साखर गोठवत आणि हातगाडी घेऊन बाहेर पडत. जॉन थॉमसन यांनी १८७७ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरील जीवनाची जी छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यांत असा एक विक्रेताही आहे.

पेल्याची खरी करामत त्याच्या घडणीत होती. जाड बैठक, आखूड दांडा आणि वर उथळ, निमुळता खळगा. बाकी सारी भरीव काच. त्या काचेतून प्रकाश वाकत असल्याने चमचाभर आइस्क्रीमही पेलाभर दिसे. जाडीमुळे पेला सहसा फुटतही नसे. अर्धा, एक आणि दोन पेनी अशा किमतींनुसार त्याचे आकार असत.

हाच पेला दिवसभर अनेकांच्या तोंडी लागे. विक्रेता तो बादलीतल्या त्याच त्या पाण्यात बुडवी किंवा फडक्याने पुसून पुन्हा भरी. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधल्यानंतर उष्ट्या भांड्यांचा धोका अधिक स्पष्ट झाला. पटकी आणि क्षय यांच्या भीतीने लंडनमध्ये १८९९ मध्ये या पेल्यांवर बंदी आली.

पर्याय खाण्याजोग्या भांड्याचा निघाला. पाककृतीलेखिका अ‍ॅग्नेस मार्शल यांनी १८८८ मध्येच बदामाच्या शंकूंची कृती छापली होती. मँचेस्टरच्या अंतोनियो व्हाल्व्होना यांनी १९०२ मध्ये, तर न्यूयॉर्कच्या इटालो मार्किओनी यांनी १९०३ मध्ये बिस्किटांच्या वाट्या बनवणाऱ्या साधनांची पेटंटे मिळवली. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनानंतर कोन लोकप्रिय झाला. भांडे गिऱ्हाइकाच्या पोटातच जाऊ लागल्याने ते धुण्याचा आणि परत घेण्याचा प्रश्न उरला नाही.