नळातले डुक्कर

मार्च 2006 मधली गोष्ट. अलास्कातील प्रुढो बे तेलक्षेत्रात एका कामगाराला खनिज तेलाचा वास आला. शोध घेतला तेव्हा बर्फाखाली सुमारे 8 लाख लिटर तेल सांडलेले आढळले. नळाला पडलेले भोक मात्र बदामाएवढे! त्या नळातून 1998 नंतर 'डुक्कर' फिरवलेच नव्हते.

दचकू नका; हे डुक्कर यांत्रिक आहे. इंग्रजीत त्याला 'पिग'च म्हणतात. नळातून घासत जाताना ते किंचाळते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

साधे पिग म्हणजे नळात घट्ट बसणारा, रबरी तबकड्यांचा दट्ट्या. त्याला इंजिन नसते; मागचे तेलच त्याला ढकलते. किती जोराने? अलास्का ओलांडणाऱ्या मुख्य वाहिनीचा व्यास 48 इंच, म्हणजे सुमारे 122 सें.मी. आहे. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ काढून पाहा. ते 11,700 चौ. सें.मी.च्या आसपास येईल. पिगच्या मागचा दाब पुढच्यापेक्षा दर चौ. सें.मी.ला 1 किलोग्रॅमनेच जास्त असला, तरी एकूण रेटा 11,700 किलोग्रॅमचा! भिंतीवरचे मेण, तळाचे पाणी आणि गाळ त्यापुढे टिकत नाहीत. गाळ काढावाच लागतो, कारण त्याच्या आडोशाने गंज वाढतो.

पण भिंत किती झिजली हे कसे कळावे? त्यासाठी 'स्मार्ट पिग' असते. त्यातील शक्तिमान चुंबक नळाचे पोलाद बलरेषांनी गच्च भरतात. भिंत पातळ असेल तेथे साऱ्या रेषा मावत नाहीत. काही बाहेर पडतात आणि संवेदक त्यांची नोंद करतात. प्रयोगशाळेत हे पाहता येईल. दोन पट्टीचुंबकांची विजातीय टोके बारीक फट ठेवून समोरासमोर ठेवा. वर कागद ठेवून लोहकीस भुरभुरवा. फटीवर कीस जमेल.

दुसरी रीत श्राव्यातीत ध्वनीची. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर जातो. भिंत 1 सें.मी. जाड असेल, तर बाहेरच्या पृष्ठावरून प्रतिध्वनी यायला सुमारे 3.4 मायक्रोसेकंद लागतात; वेळ निम्मा भरला, तर जाडीही निम्मीच उरली! मात्र ध्वनी भिंतीत शिरायला मध्ये द्रव हवा. वायूच्या नळात तो बहुतेक पृष्ठावरूनच परततो, म्हणून तेथे चुंबकच सोयीचे.

दोष सापडला, पण कोठे? पिगची छोटी चाके भिंतीवर फिरत अंतर मोजतात, सायकलच्या मीटरसारखी.

2006 च्याच उन्हाळ्यात प्रुढो बे येथील दुसऱ्या नळातून स्मार्ट पिग फिरवले. काही जागी भिंतीची 70 टक्क्यांहून अधिक जाडी गंजाने खाल्ली होती. ऑगस्टमध्ये तो नळ बंद करण्यास सुरुवात झाली.