बॉनेटखालचं किटण

खरड छाटणी उरकली की पलूसच्या द्राक्ष बागायतदाराला जरा सवड मिळते. मग वर्षभर राबलेल्या गाडीकडे लक्ष जातं. अशाच एका सकाळी तालुक्यातल्या एका वस्तीवर जुन्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडलं, तर आत धातूचा रंगच दिसेना. टॅपेट कव्हरपासून खालपर्यंत काळं, मेणचट किटण साचलेलं. काचेखालच्या खाचेत द्राक्षाची वाळकी पानं, सगळीकडे उसाच्या पाचटाची राख आणि बॅटरीमागे उंदरानं गोळा केलेल्या चिंध्या.

हे किटण एका दिवसात होत नाही. एखादं पॅकिंग म्हातारं होतं, त्यातून तेल पाझरू लागतं. त्यावर रानातली धूळ बसते आणि इंजिनाच्या उष्णतेनं तिचा थर भाजून निघतो. त्या थराखाली तेल नेमकं कुठून येतंय हेच झाकलं जातं. इंजिन धुवायचं ते यासाठी. चमक हा केवळ वरकड फायदा.

या मुलखाला इंजिन नवं नाही. पलूसजवळच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला आणि त्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. पुढे विहिरीवर डिझेल इंजिनं आली. त्या काळच्या शेतकऱ्याला इंजिन उघडंच दिसायचं, त्यामुळे तेल गळालं की तिथल्या तिथे कळायचं आणि चिंधीनं पुसलं जायचं. मोटारीनं इंजिन बॉनेटखाली घातलं आणि ती सवय मोडली.

वस्तीवरच्या कामाची सुरुवात वाट बघण्यानं झाली. गाडी बाजारातून आली होती. तासभर बॉनेट उघडं ठेवून सावलीत उभी केली. तापलेल्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर बिडाला तडा जाऊ शकतो, आणि धुण्याचं द्रव तिथेच वाळून डाग धरतं. हात टेकवला तर कोमट लागेल, इतपत इंजिन निवलं पाहिजे. मग चावी काढून दहाच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडली. हा क्रम महत्त्वाचा. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साठलेला असू शकतो. वायर सुटलेली असली की रेडिएटरचा पंखाही अचानक फिरून बोटं कापत नाही.

त्यानंतर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड. डायनामो, फ्यूजचा डबा, एअर फिल्टरचं तोंड, इंजिनचा कॉम्प्युटर आणि उघडे कपलर, सगळं बांधून घेतलं. पेट्रोल गाडी असती तर स्पार्क प्लगच्या खळग्यांवरही लक्ष ठेवावं लागलं असतं. तिथे पाणी साचलं की इंजिन मिसफायर होतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरींना घरी हात लावू नये. सीएनजी गाडीचं कामही जाणकाराकडेच द्यावं.

आता कशानं धुवायचं? गावात याचं उत्तर बहुधा रॉकेल किंवा पेट्रोल असं मिळतं, आणि इथेच सर्वांत मोठा धोका आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. पलूसच्या मे महिन्यात बॉनेटखाली ती साठली, तर बॅटरीची एक ठिणगी पुरे. शिवाय या तेलांनी रबरी होज आणि पट्टे फुगतात, मऊ पडतात.

कॉस्टिकचं कडक पाणीही नको. कारण बागायतदाराला सांगावं लागत नाही. बागेवर फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो, आणि ते प्लॅस्टिकच्या पिंपातच करतात, कारण मोरचूद लोखंड खातं. मिश्रणात विळ्याचं पातं बुडवून ते तांबूस झालं, तर चुना कमी पडला हे त्याला ठाऊक असतं. कॉस्टिक तसंच ॲल्युमिनियम खातं, आणि आजच्या इंजिनात हेड, रेडिएटर असं बरंच ॲल्युमिनियमचं असतं. म्हणून पाण्यात विरघळणारा, ॲल्युमिनियमला चालेल असं डब्यावर लिहिलेला डीग्रीझर घ्यावा. त्याचं काम भांड्याच्या साबणासारखंच: कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला.

आधी कोरड्या ब्रशनं पानं आणि धूळ काढली, चिंध्या उचलल्या आणि वायरी कुरतडल्यात का ते तपासलं. मग डीग्रीझर खालून वर मारला, चार-पाच मिनिटं भिजू दिला, वाळू दिला नाही. जुन्या टूथब्रशनं खाचा घासल्या. पाणी वॉशिंग सेंटरच्या जोरदार गनचं नव्हतं. तिच्या दाबानं कपलरच्या सीलमधून पाणी आत शिरतं आणि रेडिएटरच्या जाळीच्या पट्ट्या वाकतात. बागेतला फवारणीचा पंपही घेतला नाही, त्यात औषधाचे अंश असतात. साध्या बाटलीनं हलकं पाणी वरून खाली सोडलं, बाकी ओल्या फडक्यानं पुसलं. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं फेस येऊन निघाली.

काळं पाणी गाडीखालच्या परातीत धरलं होतं. ते ओढ्यात किंवा विहिरीकडे सोडणं हा गुन्हाच मानला पाहिजे. इथलं पाणी शेवटी कृष्णेला मिळतं. तेलानं माखलेली फडकी वेगळी बांधून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपाकडे गेली.

याच कृष्णेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरात भिलवडी, अंकलखोपकडच्या कित्येक गाड्या पाण्यात गेल्या. तशा गाडीचं इंजिन घरी धुऊ नये आणि चावीही फिरवू नये. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पिशव्या काढल्या, दोन तास बॉनेट उघडं ठेवलं, निगेटिव्ह वायर शेवटी जोडली आणि गाडी सुरू केली. चार दिवसांनी बॉनेट पुन्हा उघडलं. स्वच्छ ॲल्युमिनियमवर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून तेलाची एकच बारीक रेघ खाली उतरली होती. गळती तिथेच होती. पॅकिंग बदललं.