सेन्सर दर मिनिटाला रीडिंग का पाठवत नाही?



या आठवड्यात तिघा सभासदांनी एकच विचारलं: मोबाईलवर ओलाव्याचं रीडिंग अर्ध्या तासापूर्वीचं दिसतं, ताजं का नाही? सेन्सर बिघडलेला नाही. तो मुद्दाम झोपतो.

ओलावा मोजायला बॅटरी फारशी लागत नाही, ती जाते रेडिओवरून संदेश पाठवताना. म्हणून सेन्सर जागा होतो, मोजतो, आकड्यांचा छोटा संदेश सोडतो आणि परत झोपतो. गेल्या हंगामात आपल्या एका द्राक्ष बागायतदाराने सेटिंग दर मिनिटाला केली. ऐन फुलोऱ्यात बॅटरी संपली. पानांच्या ओलेपणाचं रीडिंगच नाही, मग डाऊनीची फवारणी अंदाजाने करावी लागली.

दुसरी अडचण गर्दीची. आपले लोरा सेन्सर 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालतात. या पट्ट्याला परवाना लागत नाही, त्यामुळे तो सगळ्यांचाच. दोन सेन्सर एकाच वेळी, एकाच चॅनेलवर बोलले की बऱ्याचदा गेटवेला दोघांचंही कळत नाही.

हा प्रश्न पुण्यात जुनाच आहे. हवामान विभागाची स्वयंचलित केंद्रं कल्पना-1 उपग्रहामार्फत पुण्याच्या भू-केंद्राला माहिती पाठवायची. आधीच्या केंद्रांत युक्ती अशी होती, की तोच संदेश दहा मिनिटांत तीन वेळा, कुठल्याही क्षणी सोडायचा. एक आदळला तरी दुसरा पोचतो. पुढच्या केंद्रांना मात्र ठरलेली वेळ वाटून दिली, अगदी पाण्याच्या पाळीसारखी. घड्याळ जीपीएसवर जुळवलेलं, म्हणून एकदाच पाठवून भागतं. मला पाळीच पटते. कॅनॉलवर ती मोडणारे भेटतात, सेन्सर मोडत नाहीत!

आपल्या स्वस्त सेन्सरात जीपीएस नाही, म्हणून ते वेळ थोडी मागे-पुढे करून पाठवतात.

अंतराचंही बघा. लांबचा किंवा उसाआड गेलेला सेन्सर हळू बोलतो. सगळ्यात हळू पद्धतीत तोच संदेश हवेत वीसपटीहून जास्त वेळ राहतो, बॅटरीही तशीच खातो. ऊस वाढला की अँटेना पिकाच्या वर घ्या.

ओलाव्याला अर्धा तास पुरे, पानांच्या ओलेपणाला 15 मिनिटं ठेवा. रीडिंग दोन तासांहून जुनं दिसलं तर त्यावर मोटर चालू करू नका. आधी मुळाजवळची माती हातात घेऊन बघा, मग आम्हाला कळवा.

– कृषी सल्ला कक्ष, पुणे कार्यालय