जॉन बर्क

जॉन फ्रेडरिक बर्क (८ मार्च, १९२२ – २० सप्टेंबर, २०११) हे इंग्लिश लेखक व संपादक होते. चित्रपटांवरून कादंबऱ्या लिहिणारे लेखक म्हणून ते विशेष ओळखले जातात. याशिवाय विज्ञानकथा, रहस्यकथा, भयकथा आणि प्रदेशवर्णन या प्रकारांतही त्यांनी विपुल लेखन केले. त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभराहून अधिक आहे. मात्र त्यांतील अनेक पुस्तके टोपणनावांनी प्रसिद्ध झाली आणि चित्रपटांवरील पुस्तके वाचक चित्रपटाच्याच नावाने ओळखत. त्यामुळे लेखनाच्या मानाने बर्क यांचे नाव कमी परिचित राहिले.

जीवन आणि आरंभीचे लेखन

बर्क यांचा जन्म इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील राय या गावी झाला. त्यांचे वडील पोलीस अधिकारी होते. कुटुंब लवकरच लिव्हरपूल येथे स्थायिक झाले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस बर्क आणि त्यांचे मित्र डेव्हिड मॅकइलवेन यांनी 'द सॅटेलाइट' हे विज्ञानकथाप्रेमींसाठीचे हौशी नियतकालिक चालवले. सॅम यूड हे तिसरे मित्र त्यात लिहीत असत. मॅकइलवेन पुढे चार्ल्स एरिक मेन या नावाने, तर यूड जॉन क्रिस्टोफर या नावाने विज्ञानकथालेखक म्हणून प्रसिद्धीस आले.

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवेनंतर १९४९ मध्ये बर्क यांची 'स्विफ्ट समर' ही पहिली कादंबरी प्रकाशित झाली. तिला रॉकफेलर प्रतिष्ठानच्या निधीतून दिले जाणारे अटलांटिक पारितोषिक लाभले. १९५०च्या दशकात त्यांनी प्रामुख्याने जोनाथन बर्क या नावाने विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या. 'न्यू वर्ल्ड्स' आणि 'ऑथेंटिक सायन्स फिक्शन' या मासिकांतून त्यांच्या कथा येत असत. याच काळात त्यांनी प्रकाशन व्यवसायात आणि शेल या तेल कंपनीच्या जनसंपर्क विभागात नोकरी केली. १९६३ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीने त्यांची युरोपसाठी कथा-संपादक म्हणून नेमणूक केली. चित्रपटास योग्य अशी कथानके शोधणे हे या पदाचे मुख्य काम होते.

चित्रपटांवरील कादंबऱ्या

कादंबरीवरून चित्रपट निघणे ही परिचित गोष्ट आहे. याउलट, चित्रपटाच्या पटकथेवरून कादंबरी लिहिली जाते, तेव्हा तिला कादंबरीरूपांतर म्हणतात. असे पुस्तक साधारणपणे चित्रपटाच्या प्रदर्शनाच्या सुमारास स्वस्त कागदी बांधणीत बाजारात येते. त्यासाठी लेखकाला पूर्ण झालेला चित्रपट पाहून नव्हे, तर हाती आलेल्या पटकथेवरून लिहावे लागते. त्यामुळे चित्रीकरणात किंवा संकलनात वगळलेला प्रसंग पुस्तकात मात्र शिल्लक राहिल्याची उदाहरणे या प्रकारात आढळतात.

पटकथेत मुख्यतः संवाद आणि कृती असतात. अभिनय, प्रकाशयोजना व संगीत यांनी पडद्यावर जे साधते, ते रूपांतरकाराला वर्णनाने आणि पात्रांच्या मनोव्यापारांतून उभे करावे लागते. घरोघरी व्हिडिओ कॅसेट येण्यापूर्वी चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट पुन्हा पाहण्याची संधी क्वचितच मिळे. अशा काळात आवडलेला चित्रपट जवळ बाळगण्याचा एक मार्ग म्हणून या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला.

बर्क यांनी जॉन ऑस्बोर्न यांच्या 'लुक बॅक इन अँगर' आणि 'द एंटरटेनर' या नाटकांवर निघालेल्या चित्रपटांची कादंबरीरूपांतरे केली. मूळ नाटक, त्यावरून चित्रपट आणि चित्रपटावरून कादंबरी असा या कृतींचा प्रवास आहे. १९६४ मध्ये त्यांनी बीटल्स या वाद्यवृंदाच्या 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटाचे रूपांतर केले. त्याची पटकथा अलन ओवेन यांची होती. ज्या चित्रपटाचा प्राण गाण्यांत आहे, तो केवळ शब्दांत उतरवण्याचे हे काम होते. याशिवाय 'डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स', 'प्रिव्हिलेज', 'चिटी चिटी बँग बँग' आणि 'मून झीरो टू' या चित्रपटांवरील त्यांची पुस्तके उल्लेखनीय आहेत.

हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांवर त्यांनी लिहिलेले दोन संग्रह १९६६ आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकात चार चित्रपटांची रूपांतरे आहेत. पहिल्या संग्रहातील 'द कर्स ऑफ फ्रँकेनस्टाइन' हा चित्रपट १९५७चा, म्हणजे पुस्तकाच्या नऊ वर्षे आधीचा होता. त्याचे मूळ मेरी शेली यांच्या १८१८च्या कादंबरीत आहे. दुसऱ्या संग्रहातील 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' या चित्रपटात ड्रॅक्युला एकही शब्द बोलत नाही.

'द सॉर्सरर्स' आणि श्रेयाचा प्रश्न

बर्क यांनी स्वतः लिहिलेल्या एका पटकथेच्या वाट्याला वेगळा अनुभव आला. एक वृद्ध दांपत्य संमोहनतंत्राने एका तरुणाच्या मनाचा ताबा मिळवते व त्याचे अनुभव स्वतः भोगते, अशी या पटकथेची कल्पना होती. दिग्दर्शक मायकेल रीव्ह्ज यांनी टॉम बेकर या पटकथाकाराच्या साहाय्याने तिचे पुनर्लेखन केले. (हे बेकर त्याच नावाच्या प्रसिद्ध अभिनेत्याहून वेगळे होत.) बोरिस कार्लोफ यांची भूमिका असलेला 'द सॉर्सरर्स' हा चित्रपट १९६७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात पटकथेचे श्रेय रीव्ह्ज व बेकर यांना मिळाले आणि बर्क यांचा उल्लेख केवळ कल्पनेचे जनक म्हणून झाला. बर्क यांच्या निधनानंतर त्यांची मूळ पटकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे चित्रपटातील त्यांचा वाटा किती होता, हे अभ्यासकांना पडताळता येऊ लागले.

टोपणनावे आणि इतर लेखन

रॉबर्ट मायल या नावाने त्यांनी 'यूएफओ' आणि 'जेसन किंग' या दूरचित्रवाणी मालिकांवर पुस्तके लिहिली. मार्टिन सँड्स, ओवेन बर्क व सारा मॉरिस ही त्यांची आणखी काही टोपणनावे होत. हॅरिएट एस्मंड हे स्त्रीनाम त्यांनी पत्नी जीन यांच्यासह केलेल्या संयुक्त लेखनासाठी वापरले.

संपादक म्हणून 'टेल्स ऑफ अनईझ' (१९६६) हा अस्वस्थ करणाऱ्या कथांचा संग्रह त्यांनी सिद्ध केला. त्याचे आणखी दोन भाग निघाले आणि १९७० मध्ये त्याच नावाची दूरचित्रवाणी मालिकाही आली. स्वतंत्र कादंबऱ्यांमध्ये 'द डेव्हिल्स फूटस्टेप्स' (१९७६), 'द ब्लॅक शराड' (१९७७) आणि 'लेडीग्रोव्ह' (१९७८) ही त्रयी महत्त्वाची मानली जाते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील जादूगार डॉ. कॅस्पियन आणि छायाचित्रकार ब्रॉनवेन हे या त्रयीचे नायक-नायिका आहेत. सफोक, ससेक्स या परगण्यांवरही बर्क यांची पुस्तके आहेत.

उत्तरायुष्यात ते स्कॉटलंडमध्ये राहत होते. वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.