जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक

वाहन चालविण्याची विद्या हौसेनें शिकणारे पुष्कळ. तें थांबविण्याची विद्या हौसेनें शिकणारा विरळा. अंगणांत गाडी आली म्हणजे ती किती वेगानें धांवते हें घरांतील लहान मूलसुद्धां विचारतें. ती किती अंतरांत थांबते, हा प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारीत नाहीं. जुन्या मोटारसायकलींच्या बाबतींत तर तो अगदींच मागें पडतो. आजोबांच्या वेळची गाडी अडगळींतून बाहेर काढावी, तिला रंग द्यावा, तिचे भाग लखलखीत करावे आणि घरांतील तरुणानें तिच्यावरून गांवांत फेरी मारावी, ही हौस अलीकडे सुशिक्षित घरांत चांगलीच रुजली आहे. हौस वाईट नाहीं. वडिलांच्या वस्तूविषयींचा आदरच तींत दिसतो. परंतु अशी गाडी आजच्या रस्त्यावर उतरणार असेल तर तिच्या पुढच्या ब्रेकचा विचार रंगाच्या आधीं व्हावा, असें आम्हांस वाटतें. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

उदाहरणासाठीं बीडजवळचें पाली हें गांव घेऊं. बिंदुसरेच्या तलावानजीकचें हें गांव धुळें-सोलापूर महामार्गावर आहे. एकीकडे बीड शहर, दुसरीकडे मांजरसुंब्याचा घाट. पूर्वीं या मार्गाचा क्रमांक २११ होता, आतां ५२ आहे. आणि रस्ताही आतां चौपदरी झाला आहे. त्यावरून भरधांव मोटारी व अवजड ट्रक तर जातातच, शिवाय हंगामांत ऊसतोडणीस निघालेल्या कुटुंबांनीं भरलेलीं वाहनेंही जातात. अशा रस्त्यावर पुढची नवी गाडी एकाएकी थांबली, तर मागून येणाऱ्या जुन्या मोटारसायकलस तितक्याच अंतरांत थांबतां आलें पाहिजे. नेमकें तेंच तिला साधत नाहीं.

याचें कारण त्या गाड्यांच्या जन्मकाळांत आहे. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड आणि मद्रासची मद्रास मोटर्स यांनीं मिळून १९५५ सालीं एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली, आणि तेव्हांपासून बुलेट आपल्या देशांत रुळली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून १९६१ पासून जावा व पुढें येझ्दी बाहेर पडली. एस्कॉर्ट्सच्या राजदूतनें खेडोपाडीं दूध, टपाल आणि पाहुणे वाहिले. या तिन्ही गाड्यांचा पुढचा ब्रेक एकाच जातीचा, म्हणजे केबलनें ओढला जाणारा ड्रमचा ब्रेक होता. त्या वेळच्या अरुंद रस्त्यांस व तुरळक वर्दळीस तो पुरत असे. दरम्यान जग पुढें गेलें. होंडा कंपनीनें १९६९ सालीं आपल्या ७५० घन सेंटिमीटरच्या गाडीस पुढें डिस्कचा ब्रेक बसविला. आणि आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीस चाक जाम न होऊं देणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे आज पालीच्या रस्त्यावर आजोबांची गाडी व नातवाच्या मित्राची गाडी शेजारीं शेजारीं धांवतात, पण थांबण्याच्या बाबतींत त्यांच्यामध्यें अर्ध्या शतकाचें अंतर असतें.

ब्रेक म्हणजे गतीचें उष्णतेंत रूपांतर करणारें यंत्र होय. गाडी, चालक आणि मागें बसलेलें माणूस मिळून ३०० किलो वजन व ताशीं ६० किलोमीटर वेग धरला, तर त्या गतींत सुमारें ४२ हजार ज्यूल ऊर्जा सांठलेली असते. स्वयंपाकघराच्या भाषेंत सांगावयाचें तर, बर्फासारखें थंड असें १०० ग्रॅम पाणी उकळीस आणण्यास जितकी उष्णता लागते तितकीच ही होय. आणि ती दोन-तीन सेकंदांत ड्रमच्या पोटांत निर्माण होते. वेग निम्मा केला तर ही ऊर्जा निम्मी न होतां चौथ्या हिश्शावर येते. घाटांत हिशेब आणखी वाढतो. हीच गाडी १०० मीटर उंची उतरली तर ६० च्या वेगावरून सात वेळां थांबण्याइतकी उष्णता कोठेंतरी खर्ची पडावी लागते. कांहीं भाग वारा व इंजिन घेतात. उरलेला ब्रेकच्या वांट्यास येतो. ड्रम तापला कीं फुगतो आणि आंतील शूपासून दूर सरकतो. तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. मग दांडी मुठीला टेकते, पण गाडी थांबत नाहीं. जावा किंवा राजदूत यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या इंजिनाचा विरोध उतारावर थोडाच मिळतो. शिवाय त्यांचें वंगण पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असल्यामुळें, मूठ फार वेळ बंद ठेवून उतरल्यास इंजिनाला तेल कमी पडतें. म्हणून अशा गाडीनें घाट उतरतांना खालचा गिअर धरावा, अधूनमधून मूठ किंचित् उघडावी, आणि ब्रेकला विसांवा द्यावा.

येथें एका जुन्या समजुतीचा विचार केला पाहिजे. "पुढचा ब्रेक दाबूं नकोस, गाडी उलटेल," असें वडीलधारी माणसें मुलांस कळकळीनें सांगतात. या उपदेशांत सत्याचा अंश आहे: वळणावर, वाळूवर किंवा चिखलांत पुढचें चाक जाम झालें तर गाडी घसरतेच. परंतु सरळ व कोरड्या रस्त्यावर गोष्ट उलट आहे. ब्रेक लागतांच वजन पुढें झुकतें, पुढचें चाक रस्त्यावर अधिक दाबलें जातें व मागचें हलकें होतें. जोरानें थांबतांना थांबविण्याचें दोन-तृतीयांशांहून अधिक काम पुढचें चाकच करूं शकतें. दोन्ही ब्रेक चांगले असतील तर ६० च्या वेगावरून गाडी सुमारें २३ मीटरांत थांबूं शकते. निम्म्या जोराचेंच थांबणें मिळालें तर ४६ मीटर लागतात. दोन्हीकडे चालकास भान येण्याच्या एका सेकंदाचे १७ मीटर वेगळे मोजावे. त्या २३ मीटरांच्या फरकांत एखादी बैलगाडी किंवा शाळेंतून येणारें मूल असूं शकतें. तेव्हां मुलांस पुढचा ब्रेक टाळण्यास न शिकवितां तो हळूहळू दाबीत नेण्यास शिकवावें, हें बरें.

सुधारणेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली सर्वांनीं चढावी अशी आहे, कारण तींत गाडीचें मूळ रूप जराही बदलत नाहीं. ड्रम झिजून वाटोळा राहिला नसेल तर तो लेथवर सारखा करून घ्यावा; मात्र त्याचा व्यास ठराविक मर्यादेपलीकडे वाढतां कामा नये. नवे लायनर ड्रमच्या गोलाईस तंतोतंत जुळवून घ्यावे. नाहींतर ते मध्यभागींच टेकतात आणि अर्धी पकड वायां जाते. केबल नवी, तेल दिलेली व तीव्र वळण न घेणारी असावी. ब्रेक दाबल्यावर केबल व ब्रेकचा हात यांच्यामध्यें काटकोन व्हावा; त्यांत चूक असेल तर बोटांचा जोर फुकट जातो. चाक बसवितांना आंसाची चाकी किंचित् ढिली ठेवून ब्रेक घट्ट दाबावा आणि तसाच दाबून चाकी आवळावी, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर येतात. हें काम होण्यापूर्वींच मोठा ब्रेक शोधीत फिरणें म्हणजे पाया न पाहतां मजला चढविणें होय.

दुसरी पायरी मोठ्या ड्रमची. जुन्या बुलेटला पुढें ६ इंचांचा ड्रम असे. त्याच घराण्यांत पुढें ७ इंचांचा, दोन कॅमचा ड्रम निघाला. या दोन कॅमचें मर्म समजून घेण्याजोगें आहे. साध्या ड्रममध्यें दोन शूंपैकीं एकच, चाकाच्या फिरण्याबरोबर, दाराखालीं अडकविलेल्या पाचरेप्रमाणें आपोआप अधिक रुततो. दुसऱ्यास चाक मागें ढकलीत असतें. दोन कॅम दिल्यानें दोन्ही शू पाचरेसारखे वागतात आणि त्याच बोटांच्या जोरांत पकड बरीच वाढते. पण दोन्ही कॅमांस जोडणारी कांब नीट मापांत नसेल तर एकच शू टेकतो व सारा खर्च व्यर्थ होतो. शिवाय चढावर गाडी मागें घसरूं लागली तर हाच ब्रेक दुबळा पडतो, हें घाटांतील माणसानें लक्षांत ठेवावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ब्रेकची प्लेट पुढच्या फोर्कच्या खुंटीशीं पक्की अडकली पाहिजे. ती सुटली तर प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते व चाक तत्क्षणीं जाम होतें. येथें जुगाड करणाऱ्या मिस्त्रीस हात लावूं देऊं नये.

तिसरी पायरी डिस्कची. बुलेटला पुढें कारखान्यांतूनच २८० मिलिमीटरची डिस्क मिळूं लागली. तापल्यावर डिस्क उघड्या वाऱ्यांत निवते, आणि पाण्यांतून गेल्यावर ती ड्रमपेक्षां लौकर कोरडी होते. तथापि तिच्यासाठीं चाक, फोर्कचा पाय, तेलाची टांकी व नळी असें सारेंच बदलावें लागतें. जुन्या बारीक फोर्कवर कॅलिपर कसातरी जोडला तर तो फोर्क पिळला जाण्याचें भय असतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें, म्हणून तें सुमारें दोन वर्षांनीं बदलावें. तें रंग खातें व विषारी आहे, म्हणून मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

आतां कायद्याचा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें हें बजावलें आहे. म्हणून दुसरी किंवा तिसरी पायरी चढण्यापूर्वीं बीडच्या परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. जुलै २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपांत राखलेल्या दुचाकींस "व्हिंटेज" नोंदणीची वेगळी सोय केली आहे. तिचें शुल्क २० हजार रुपये व मुदत दहा वर्षांची. पण अशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, शर्यतीवजा फेरी, दुरुस्ती अशा कारणांखेरीज रोजच्या कामास वापरतां येत नाहीं. तेव्हां कुटुंबानें आधींच ठरवावें: गाडी जपावयाची कीं चालवावयाची? जपावयाची असेल तर पहिल्या पायरीवर थांबावें. रोज चालवावयाची असेल, त्यांतही सून-मुलांस मागें बसवून महामार्गावर न्यावयाची असेल, तर मूळ रूपाचा आग्रह सोडून परवानगीनें चांगला ब्रेक बसवावा. काढलेले भाग तेल लावून, कापडांत गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवावे, म्हणजे पुढील पिढीस ते पुन्हां बसवितां येतील.

एक सूचना घरांतील सर्वांसाठीं आहे. जुन्या लायनरमध्यें बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कित्येक वर्षांनीं असाध्य रोग जडतात. ड्रम उघडल्यावर ती तोंडानें किंवा पंपानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून, फडकें पिशवींत बांधून टाकावें. मुलें अंगणांत खेळत असतां हें काम काढूं नये.

काम झाल्यावर गाडी एकदम घाटांत नेऊं नये. पहांटे मोकळ्या रस्त्यावर, एकट्यानें, प्रथम २० च्या, मग ३० च्या व ४० च्या वेगावरून पुन्हां पुन्हां थांबवून पहावी. गाडी एका बाजूस ओढते काय, ड्रम सारखा तापतो काय, हें तपासावें. लायनर रुळेपर्यंत कांहीं दिवस मागें कोणास बसवूं नये. पावसाळ्यांत पाण्यांतून गेल्यास ब्रेक किंचित् दाबून ड्रम वाळवून घ्यावा. आणि घरांत जेव्हां रंगाचा खर्च मांडला जाईल, तेव्हां त्यांतील पहिली रक्कम पुढच्या चाकासाठीं बाजूस काढण्याचें काम कर्त्या माणसानें आपल्याकडे घ्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.