अभ्यासक्रम ‘पोहोचवता’ येतो का? वर्ग, शिक्षक आणि तंत्रज्ञान

संयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘वर्गाध्यापनात आणि अभ्यासक्रम पोहोचवण्यात तंत्रज्ञानाची भूमिका’. विषय चांगला आहे. पण तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते, तो आधी शब्दापाशीच अडून बसतो. मी ‘पोहोचवण्यात’ या शब्दापाशी अडलो. आपण टपाल पोहोचवतो, गॅसचं सिलिंडर पोहोचवतो. वस्तू पाठवणाऱ्याकडे होती तशीच घेणाऱ्याच्या हाती पडते, त्याने सही केली की काम संपलं. अभ्यासक्रम ही अशी वस्तू असेल तर फार बोलायची गरजच नाही. सगळ्यात वेगवान वाहन पाहावं आणि माल रवाना करावा. प्रश्न असा आहे, की शिकणं या रीतीनं होतं का?

यासाठी मी तुम्हाला जवळजवळ चोवीसशे वर्षं जुन्या एका गणिताच्या तासाला घेऊन जाणार आहे. प्लेटोचा ‘मेनो’ नावाचा संवाद आहे. त्यात सॉक्रेटिस मेनोच्या घरच्या एका गुलाम मुलाला बोलावतो. मुलाला भूमिती कुणी शिकवलेली नाही. सॉक्रेटिस एक चौरस काढतो, बाजू २ फूट. क्षेत्रफळ झालं ४. मग विचारतो, याच्या दुप्पट, म्हणजे ८ चौरस फुटांचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यावी? मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट! म्हणजे ४ फूट. तुमच्या-माझ्यातले निम्मे लोक घाईत हेच सांगतील. आता सॉक्रेटिस ‘चूक’ म्हणत नाही. तो ४ फूट बाजूचा चौरस काढतो आणि मुलालाच मोजायला लावतो. निघतात १६. हे तर चौपट झालं! मुलगा विचार करतो. २ कमी पडतात, ४ जास्त होतात, तर मग ३ असणार. पुन्हा मोजा. ९ निघतात. आता मुलगा म्हणतो, मला खरंच माहीत नाही.

बरं का, सगळा तास या वाक्यासाठी होता. सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो, की याचं आपण काही नुकसान केलं का? मघाशी याला वाटत होतं आपल्याला येतं, आता आपल्याला येत नाही हे त्याला कळलं, आणि म्हणून तो आता शोधेल. मग पुढची आकृती. १६ च्या मोठ्या चौरसात ४-४ चे चार चौरस आहेत. प्रत्येकाचा कर्ण काढला की प्रत्येक चौरस निम्मा होतो, आणि ते चार कर्ण मिळून आत एक तिरका चौरस तयार होतो. त्यात चार निम्मे भाग, प्रत्येकी २, म्हणजे ८. उत्तर बाजूत नव्हतंच, कर्णात होतं.

प्लेटोनं यातून आत्म्याच्या पुनर्स्मरणाचा सिद्धान्त काढला, तो आपण आज बाजूला ठेवू. मला तुमचं लक्ष वेधायचंय ते १६ आणि ९ या दोन चुकांकडे. हाच धडा चित्रफितीत किती वेळ घेईल? एक मिनिट. सुरेख रंग, फिरणारा चौरस, कर्ण चमकतोय. मूल पाहील, ‘समजलं’ म्हणेल, आणि ते खोटंही बोलत नसेल. पण ते १६ वर गेलंच नाही आणि ९ वरही थांबलं नाही. आपल्या मनात ‘बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ दुप्पट’ हा समज घट्ट बसलाय, याचा त्याला पत्ताच लागला नाही. तो समज तसाच राहिला. परीक्षेत दुसऱ्या वेषात आला की मूल पुन्हा तिथेच पडणार. माल पोहोचला, सही झाली, आणि घरात काहीच आलं नाही.

याच प्लेटोनं ‘फीड्रस’मध्ये लेखनावर आक्षेप घेतलाय. लिहिलेल्याला काही विचारलं तर ते तेच ते पुन्हा सांगतं, आणि आपल्यापुढे कोण आहे हे त्याला कळत नाही. (हे त्याने लिहूनच ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत! तेव्हा साधनांवर रुसून बसण्यात अर्थ नाही.) आक्षेप मात्र नेमका आहे. आपण दूरचित्रवाणीवर शिक्षण नेलं. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ हा उपग्रहाचा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत संच बसले. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर आले. मोठी कामं होती ती, मी ती कमी लेखत नाही. परंतु संच बोलतो, आणि समोरचं मूल ९ वर अडलंय हे संचाला दिसत नाही.

आता उलट बाजू पाहू. साधनं निव्वळ वाहनं असतात हेसुद्धा खरं नाही, ती वर्गाची मांडणीच बदलतात. आपली धूळपाटी घ्या. ‘धुळाक्षरं गिरवणं’ हा शब्दप्रयोग अजून आपल्या तोंडी आहे. बोटानं अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा. चूक फुकट आणि खूणही उरत नाही. नवशिक्यासाठी यापेक्षा दयाळू साधन मला तरी ठाऊक नाही. पंतोजींच्या शाळेत एकाच ओसरीवर कुणी धुळाक्षरांवर, कुणी पावकी-निमकीवर, तर कुणी मोडी पत्रं वाचतोय. प्रत्येक जण आपापल्या जागी. मला त्या शाळांचे गोडवे गायचे नाहीत, कारण तिथे छडी होती, आणि मुली व दलित मुलं त्या ओसरीवर नव्हतीच. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याला मुलींची शाळा काढावी लागली ती उगाच नव्हे.

आणि गंमत पाहा. अँड्र्यू बेल नावाचे धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासच्या एका अनाथालयाची शाळा पाहत होते. त्यांनी देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली आणि आपल्या शिक्षकांना सांगितलं, असं करा. शिक्षकांनी मनावर घेतलं नाही. तेव्हा बेलनी आठ वर्षांच्या एका मुलाला धाकट्यांना शिकवायला बसवलं. जमलं. त्यातून ‘मद्रास पद्धती’ निघाली, १७९७ मध्ये त्यांनी तिच्यावर लंडनला पुस्तिका छापली, आणि इंग्लंडमधल्या हजारो गरीब मुलांच्या शाळा त्या धर्तीवर चालल्या. एका शिक्षकामागे शेकडो मुलं! धूळपाटी तीच. इथे तिनं एकेका मुलाला त्याच्या जागी राहू दिलं, तिथे तिनं स्वस्तात गर्दी शिकवायची सोय केली. फळ्याचंही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोप-अमेरिकेत तो वर्गात स्थिरावला आणि साऱ्या वर्गाचं तोंड एका दिशेला वळलं. सगळ्यांना एकच पान, एकाच वेळी. आज आपण त्या फळ्याच्या जागी चकचकीत पडदा लावतो आणि त्याला क्रांती म्हणतो. पण मुलांची तोंडं अजून तिकडेच आहेत ना?

म्हणून मी उपकरणाला एकच प्रश्न विचारतो. तू आल्यामुळे मूल कुठे अडलंय हे शिक्षकाला जास्त कळतं, की कमी?

हे नुसतं तत्त्वज्ञान नको म्हणून बडोद्याचं उदाहरण देतो. सयाजीरावांचं बडोदं. त्यांनी आपल्या संस्थानात १९०६ सालीच सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. त्या शहरातल्या १०० महापालिका शाळांना २००० साली गुजरात सरकारनं प्रत्येकी चार संगणक दिले. २००२ मध्ये ‘प्रथम’ या संस्थेनं पाहणी केली तेव्हा बहुतेक शाळांत ते खोक्यांतच होते, कारण चालवणारं कुणी नव्हतं. पोहोचले होते बरं का, अगदी व्यवस्थित पोहोचले होते!

मग ‘प्रथम’नं ते बाहेर काढले. चौथीची मुलं, आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे दोन मुलं. गणिताचे खेळ, आणि मुलाला जे येतं त्याप्रमाणे प्रश्न सोपे-कठीण होत जाणारे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काटेकोर मोजलं. शंभर मुलांत मध्यावर, पन्नासाव्या क्रमांकावर असलेलं मूल दुसऱ्या वर्षाअखेर सुमारे बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत चढेल, एवढा गणितात फरक पडला. तंत्रज्ञानाच्या बाजूनं हा भक्कम पुरावा आहे. जे यंत्रांना सरसकट नाकारतात त्यांनी तो वाचावा.

मात्र त्याच अभ्यासात दुसरा प्रयोगही होता, मुंबईत आणि बडोद्यात. ‘बालसखी’. वस्तीतलीच एखादी तरुणी, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्यापुढे. तिच्याकडे पडदा नव्हता. तिथेही मुलं पुढे गेली. वाढ संगणकापेक्षा थोडी कमी, पण खर्च कित्येक पट कमी. वर्षभरानंतर दोन्हीकडचा बराचसा फायदा ओसरला, हेही सांगायला हवं, कारण एकदा केलं की कायमचं काम झालं अशी गोष्ट शिक्षणात नसते.

दोन्हींत समान काय होतं? मुलाला त्याच्या इयत्तेच्या पुस्तकावरून न धरता, ते जिथे उभं आहे तिथून धरलं. यंत्रानंही तेच केलं, बालसखीनंही तेच केलं. आणि शिक्षिकेचा तास कापून तिच्या जागी संगणक बसवला तर काय होतं? गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’च्या शाळांत ली लिंडेन यांनी तेही तपासलं. तास काढून घेतला तिथे मुलं मागे पडली. शाळेबाहेर जादा वेळ म्हणून दिला तिथे पुढे गेली, विशेषतः आधी मागे असलेली.

२०२० ची टाळेबंदी आपण सगळ्यांनी पाहिली. शिक्षक दर पाच मिनिटांनी विचारायचे, ‘ऐकू येतंय का?’ पडद्यावर नावं लिहिलेले काळे चौकोन. वर्गातल्या शिक्षकाला मागच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळावरच्या आठीवरून जे कळतं, ते त्या चौकोनांत नव्हतं. ज्या घरी एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, तिथल्या मुलाचा तर चौकोनही नव्हता.

काही गोष्टींत मात्र माझा ‘पण’ नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडतात हे मी खडूनं दाखवू शकत नाही, चित्रफीत दाखवते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पान वाचून दाखवणारं यंत्र मिळालं तर लेखनिकाच्या सवडीवरचं त्याचं अवलंबित्व सुटतं. यात वाद घालू नये.

राहता राहिलं नवं, प्रश्नांना उत्तर देणारं यंत्र. प्लेटोचा आक्षेप त्याला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण ते विचारलं की वेगळं बोलतं. परंतु ‘मेनो’त प्रश्न कोण विचारत होतं? मुलगा नव्हे. आपण अडलोय हे ज्याला माहीतच नाही, ते मूल यंत्राला विचारणार काय? ते आपलं ‘४ फूट’ वहीत लिहून मोकळं होईल, नाहीतर यंत्राकडून ‘कर्ण’ उतरवून घेईल.

तुमच्यापैकी काही जण शाळा व्यवस्थापन समितीवर असाल. विक्रेता पडदा किंवा ‘ॲप’ घेऊन येईल, तेव्हा त्याच्याच नमुन्यावर मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. ८ चौरस फुटांच्या चौरसाची बाजू ४ फूट, असं टाका. लाल फुली मारून लगेच बरोबर उत्तर दाखवलं, तर चहा पाजून त्याला निरोप द्या. पडद्यावर १६ चा चौरस काढून ‘मोज पाहू’ म्हणालं, आणि संध्याकाळी बाईंना सांगितलं की आज तुमच्या वर्गातली अमुक मुलं १६ वर अडली होती, तर मग किमतीचं बोला. आणि बिघडल्यावर दुरुस्तीला कोण, किती दिवसांत येणार, हे त्याच बैठकीत लिहून घ्या. खोकी ठेवायला शाळेत जागा नसते.