सागरी मत्स्यालयातील नव्या माशांची मरतूक

घरगुती सागरी मत्स्यालयात जुने मासे सुदृढ असताना नव्याने सोडलेले मासे काही दिवसांतच मरतात, असे अनेकदा आढळते. जुने मासे जगले, यावरून पाणी निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. पाण्यात हळूहळू होणाऱ्या बदलाला ते सरावलेले असतात. नव्या माशाला तोच बदल एकदम सोसावा लागतो.

म्हणून प्रथम पाण्याची तपासणी करतात. विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ व तापमान २४ ते २७° से. असावे, अमोनिया आणि नायट्राइट आढळू नयेत. नव्या टाकीत त्यांचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात.

पाणी योग्य असल्यास परजीवींचा संशय घेतात. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीमुळे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उमटतात. त्यातून वाचलेल्या माशांत काही काळ अंशतः प्रतिकारशक्ती निर्माण होते. ते निरोगी दिसतात. परंतु संसर्ग टाकीत टिकून राहतो व नव्या माशांना ग्रासतो.

प्रतिबंधासाठी प्रत्येक नवा मासा काही आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवतात. तांबेयुक्त औषधेही तेथेच वापरतात, कारण मुख्य टाकीतील प्रवाळ व कोळंबी त्यांमुळे मरतात.